खोक्यावरचा उजेड

खोक्यावर सूर्य छापला होता. नुसता सूर्य नव्हे, त्या सूर्याने काळा चष्मा घातला होता. म्हणजे आतला दिवा बघून खुद्द सूर्याचे डोळे दिपले, असं गिऱ्हाइकाने समजायचं. त्याखाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'दिवसाला मागे टाकणारा प्रकाश'. आणि त्याच्याही खाली, मुंगीने भिंग लावून वाचावं इतक्या बारीक अक्षरांत, 'प्रत्यक्ष प्रकाश खोलीनुसार कमी-अधिक भासू शकतो'. दातवाल्यांनी वरचं वाचलं. खालचं वाचायची त्यांना गरजच वाटली नाही. दुकान बायकोच्या सख्ख्या भावाचं, आणि घरच्या माणसाच्या दुकानात खोक्याची उलटतपासणी करत नाहीत असा त्यांचा समज होता. हा समज त्यांना चांगलाच भोवला.

दातवाले हे गल्लीने त्यांना दिलेलं नाव. ते कवळ्या करायचे. दवाखान्यातून माणसाच्या तोंडाचा साचा यायचा, आणि घराच्या मागच्या खोलीत बसून दातवाले त्यावर मेणात एकेक दात बसवायचे. साचे ओतणं, कवळी घासणं, चमकवणं ही कामं बायकोकडे. घासायच्या यंत्राची धूळ आणि घरघर त्यांना सहन होत नसे, म्हणून ते यंत्र मागच्या उघड्या ओट्यावर टाकलेलं होतं, आणि बायको तिथे उन्हातान्हात बसून घासत असे.

दातवाले स्वभावाने तिरसट, पण हात सोन्याचा. कारखान्यातून येणाऱ्या कवळ्यांवर त्यांचा फार राग. "दात आहेत की सदऱ्याची बटणं?" असं ते म्हणत. खऱ्या माणसाचे सगळे दात एका रंगाचे कधीच नसतात, सुळे बाकीच्यांपेक्षा किंचित गडद असतात. म्हणून दातवाले तयार दातांच्या पाकिटांतून पुढचे दात एका छटेचे घ्यायचे आणि सुळे त्याहून एका छटेने गडद बसवायचे. त्यामुळे तोंड खरं दिसे. या पद्धतीत पाकिटं फुटत आणि दात उरत. उरलेले सुटे दात ते एका डबीत टाकत आणि लागेल तेव्हा त्यातून नजरेने निवडून घेत. कोणता दात कुठल्या छटेचा हे डबीवर लिहिलेलं नसे. "आकडा बघून रंग ओळखायचा असेल तर मग डोळे कशाला दिलेत?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

या सगळ्या कारभाराचा आधार म्हणजे खोलीची मोठी खिडकी. शेजारच्या रिकाम्या जागेत इमारत उठली आणि तिची भिंत त्या खिडकीच्या नाकासमोर येऊन उभी राहिली. दातवाले भांडले, अर्ज केले, बिल्डरला शिव्या घातल्या. भिंत हलली नाही. मग दिवा घेण्यावाचून इलाज उरला नाही.

मेहुण्याच्या दुकानात तो दिवा छताला लटकत होता, शेजारी 'नमुना' अशी पाटी. त्याच्याखाली उभं राहिल्यावर दातवाल्यांना स्वतःच्या नखांवरचे पांढरे ठिपके दिसले. मेहुणा गल्ल्यामागून हसत म्हणाला, "दाजी, हा घ्या आणि खिडकी कायमची बंद करून टाका. उघडी ठेवलीत तर बाहेरचा अंधार आत येईल!"

दिवा घरी आला. दातवाल्यांनी स्टुलावर चढून तो बसवला. बायको बटणापाशी उभी होती.

"दाब."

"दाबलंय."

"मग लागला का नाही?"

"लागलाय हो. नीट बघा."

दोघांनी माना वर केल्या. दिवा लागला होता. खोलीत एक मळकट पिवळट उजेड पसरला होता, आजाऱ्याच्या खोलीत असतो तसा. दातवाले स्टुलावरून उतरले आणि म्हणाले, "नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!" बायकोने खोकं उचललं आणि खालची बारीक अक्षरं मोठ्याने वाचून दाखवली. त्यावर ते तिच्यावरच खेकसले.

दुसऱ्याच दिवशी ते दुकानात गेले. मेहुणा म्हणाला, "भिंतींना पांढरा रंग द्या दाजी, तुमच्या भिंती उजेड खातात." दातवाल्यांनी भिंती रंगवल्या. उजेड होता तेवढाच राहिला. मग मेहुणा म्हणाला, "वायरिंग जुनं असेल." वायरमन आला, त्याने सगळं तपासलं आणि वायरिंगमध्ये काही खोट नाही असं सांगून गेला. दातवाले तिसऱ्यांदा गेले तेव्हा मेहुण्याने गल्ल्यावरून पुढे वाकून, आवाज खाली आणून, अगदी मायेने सांगितलं, "राग मानू नका दाजी. एकदा डोळे दाखवून घ्या."

दातवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना चोर म्हटलेलं एक वेळ चाललं असतं. भर दुकानात त्यांनी मेहुण्याची अशी खरडपट्टी काढली की दोन गिऱ्हाइकं काही न घेताच निघून गेली. पण खरं सांगायचं तर एवढा राग येण्याचं कारण वेगळं होतं. ते घाबरले होते. हा प्रश्न मेहुण्याच्या आधी त्यांच्याच मनात येऊन गेला होता, आणि रोज सकाळी डबी उघडताना पुन्हा येत होता.

कारण कवळ्या परत येऊ लागल्या होत्या. त्यांचं जवळजवळ सगळं काम एका डॉक्टरीणबाईंकडून यायचं. बाई मृदू बोलायच्या आणि त्या मृदूपणाचीच दातवाल्यांना धास्ती वाटायची. "तुमच्या हाताला तोड नाही," त्या फोनवर म्हणाल्या, "पण हल्ली रंग चुकतोय. पेशंट तक्रार करतात. गावाबाहेर ती मोठी लॅब झालीये ना, तिथे यंत्राने रंग जुळवतात. आणखी एक कवळी परत आली तर मला सगळं काम तिकडे द्यावं लागेल. मला वाईट वाटेल, पण द्यावं लागेल."

"बाई, डोळे माझे ठणठणीत आहेत. दिवा फसवा निघाला."

"असेलही," बाई म्हणाल्या. त्या 'असेलही'ने दातवाल्यांचं जेवण गेलं.

आणि यापुढचं तोंड कोणाचं यावं? तर सासूबाईंचं. डॉक्टरीणबाईंनी साचा पाठवला, सोबत निरोप दिला की घरचंच काम आहे, सावकाश करा, पण नीट करा. सासूबाई मुलाकडे राहायच्या, म्हणजे त्याच मेहुण्याकडे, आणि दिवसभर दुकानात गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खोड्या काढत बसायच्या. तोंडात दात नसताना त्यांची जीभ एवढी चालायची, दात आल्यावर काय होईल या विचाराने दुकानातली माणसं आधीच हवालदिल झाली होती.

दातवाल्यांनी जीव ओतून ती कवळी केली. पुढचे दात नव्या पाकिटातले घेतले, सुळे डबीतून निवडले, त्या दिव्याखाली चारचारदा धरून पाहिले. मग घासायला बायकोकडे दिली. बायकोने ओट्यावर बसून ती घासली, धुतली, पुसली आणि काही न बोलता त्यांच्या हातात ठेवली. डॉक्टरीणबाईंकडे दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं होतं. त्याआधी घरच्या घरी एकदा घालून बघू, म्हणून दोघं नवराबायको कवळी घेऊन दुकानात गेले.

दुकानात तेव्हा आधीच धुसफूस चालली होती. एक बाई गल्ल्यावर तेच सूर्याचं खोकं आपटून सांगत होती, "स्वयंपाकघरात लावलाय. मीठ कुठलं आणि साखर कुठली, चाखून बघावं लागतं." मागे एक वयस्कर गृहस्थ काखेत दुसरं खोकं घेऊन आपली पाळी यायची वाट बघत होते. मेहुणा दोघांनाही भिंतींना रंग द्यायला सांगत होता.

"आले जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "आणा इकडे."

त्यांनी कवळी घातली, जबडा दोन-तीनदा हलवला आणि नमुन्याच्या दिव्याखालच्या मोठ्या आरशात बघून ओठ फाकवले. पुढचे दात मोत्यासारखे होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन सुळे, चहात रात्रभर बुडवून ठेवल्यासारखे. स्वयंपाकघरवाली बाई आपल्या नकळत एक पाऊल मागे सरकली.

"हे काय?" सासूबाई आरशाला म्हणाल्या. "मला माणसांत बसायचंय की रानात राहायचंय?"

मेहुणा आधी दबक्या आवाजात हसला, मग त्याला आवरेना. "दाजी, हे काय दिवे लावलेत!"

"दिवे तू लावलेस!" दातवाले गरजले. "तुझ्याच दिव्याखाली बसून केलेत हे दात!"

"नाचता येईना, अंगण वाकडं."

"अंगण वाकडं नाही रे, अंगणात अंधार आहे! वर टांगलेला एक आणि खोक्यात घातलेला दुसराच. लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकतोस."

"नमुना आणि माल एकच आहे."

"मग वरचा विझव आणि खोक्यातला लाव. इथे, सगळ्यांसमोर."

मेहुणा घुटमळला. त्या घुटमळण्याने त्याचा घात झाला, कारण वयस्कर गृहस्थांनी ते पाहिलं आणि शांतपणे आपलं खोकं पुढे केलं. "हा लावा. मी एकदाच लावून काढलाय." आता नाही म्हणायची सोय उरली नाही. मेहुणा कुरकुरत शिडीवर चढला, नमुना उतरवला, खोक्यातला दिवा बसवला आणि दुकानातले बाकीचे दिवे विझवून बटण दाबलं.

तोच मळकट, पिवळट, आजारी उजेड. दातवाल्यांनी तो इतके दिवस घरात सोसला होता, तरी आत्ता त्यांना तो इतका गोड वाटला की त्यांनी डोळे भरून पाहून घेतला.

"आई, आता आरशात बघा."

सासूबाईंनी पाहिलं. त्या उजेडात सुळे आणि बाकीचे दात अगदी एका घरचे दिसत होते. "आता बरे दिसतायत की," त्या म्हणाल्या. "मघाशी काय झालं होतं?"

स्वयंपाकघरवाली बाई टाळ्या पिटायचीच बाकी राहिली. "ऐकलंत? घ्या आमचे दिवे परत!" गृहस्थ म्हणाले की चौकात आणखी चार घरांनी हेच खोकं नेलंय, त्यांनाही ते पाठवून देतील. मेहुण्याने कंपनीचं नाव पुढे केलं. नमुना कंपनीकडून वेगळा येतो, आपण काय करणार, आपण नुसते विकणारे, असं बरंच काही तो बोलला. कोणी ऐकून घेतलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा, असं कोणीतरी मागून म्हणालंसुद्धा. मेहुण्याचा चेहरा लाल झाला. कोंडीत सापडलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं. तो दातवाल्यांवर उलटला.

"ठीक आहे, दिवा मंद आहे. मंद आहे, मंद आहे म्हणून तुम्ही केव्हापासून बोंब मारताय ना? मग दाजी, अंधार आहे हे माहीत असताना त्या अंधारात माझ्या आईचे दात का बसवलेत? दारात येऊन उन्हात का नाही बघितलेत?"

दातवाल्यांपाशी याचं उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. शिकाऊ माणसं दात घेऊन दारात पळतात. आणि समजा दारात जाऊन, चांगल्या उन्हातही कळलं नसतं तर? त्या भीतीनेच ते खुर्चीतून उठले नव्हते.

"बोला की! मीच सांगतो. तुमचे डोळे गेलेत. आणि ते झाकायला माझा दिवा बरा सापडला तुम्हाला."

"तोंड सांभाळून बोल."

"मी नमुन्याचा दिवा परत लावतो. तुमची ती रंगांची पट्टी खिशात आहे ना? लावून दाखवा त्या उजेडात. बरोबर लावलीत तर भर दुकानात तुमची माफी मागतो. नाही लावता आली, तर यापुढे माझ्या दिव्याचं नाव काढायचं नाही."

पट्टी होती. दातवाल्यांच्या खिशात ती दुसऱ्याच्या खिशात पेन असावं तशी कायम असायची. तिच्यात दातांचे नमुने ओळीने खोचलेले असतात, सगळ्यांत फिक्यापासून सगळ्यांत गडद छटेपर्यंत, आणि प्रत्येकाच्या दांडीवर आकडा असतो. दातवाल्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच पाहत होते. नाही म्हणणं म्हणजे कबूल केल्यासारखंच होतं.

मेहुण्याने नमुन्याचा दिवा लावला. दुकान लखलखलं. दातवाल्यांच्या बायकोने नमुने पट्टीतून काढले, गल्ल्यावरच्या चिकटपट्टीने त्यांचे आकडे झाकले आणि सगळे एकत्र मिसळून काचेवर पसरले. दातवाल्यांनी बाह्या सरसावल्या. सुरुवातीला हात झपाझप चालले, आणि त्यांना जुना कैफ चढला. हा फिका, हा त्याच्या मागे, हा त्याच्याही मागे. मधल्या छटांपाशी आल्यावर मात्र हात अडखळला. दोन ठिकाणी त्यांनी नमुने उचलले, ठेवले, पुन्हा उचलले. शेवटी त्यांनी मनाचा हिय्या करून ते ठेवून दिले आणि मागे सरकले.

"ताई, तू बघ," मेहुणा म्हणाला. "ताई मेली तरी खोटं बोलणार नाही. लहानपणी माझ्या सगळ्या चोऱ्या हिनेच बाबांना सांगितल्या." बोलताना तो हसत होता. त्याने ते हसू जरासुद्धा लपवलं नाही.

बायकोने एकेक नमुना उचलला, पाठमोरी होऊन चिकटपट्टी सोलली, आकडा पाहिला आणि तो पट्टीत परत खोचला. घाई नाही, गडबड नाही. शेवटचा खोचून झाल्यावर ती म्हणाली, "सगळे बरोबर आहेत."

मेहुण्याचं हसू तोंडावरच वाळलं. पण शब्दाला जागणं भाग होतं, गिऱ्हाइकं समोर होती. तो गल्ल्याच्या बाहेर आला आणि मान खाली घालून म्हणाला, "दाजी, माझं चुकलं. तुमच्या डोळ्यांना नावं ठेवली. माफ करा." सासूबाईंनी कवळी काढून वाटीत ठेवली आणि दातांशिवायच म्हणाल्या, "शहाणा झालास. आता यांचे दिवे परत घे."

घरी येताना दातवाले रस्ताभर बोलत होते. मेहुण्याचं तोंड कसं पडलं, ती बाई काय म्हणाली, गृहस्थ कसे खोकं पुढे करून उभे राहिले. कितीतरी दिवसांनी त्यांची छाती फुगली होती. डॉक्टरीणबाईंना आत्ताच्या आत्ता फोन करतो, म्हणाले. डोळे ठणठणीत आहेत, भर दुकानात सिद्ध झालं, सुळे बदलून देतो, चांगला दिवा आणतो, विषय संपला. बायको एक शब्दही बोलली नाही. त्यांना वाटलं, भावाचा अपमान झाला म्हणून गप्प आहे.

घरात पाऊल टाकताच त्यांनी फोन उचलला.

"थांबा," ती म्हणाली. "इकडे दारात या."

दारात दुपारचं स्वच्छ ऊन होतं. तिने पट्टीतले नमुने काढले आणि उंबऱ्यावर ओळीने मांडले. "दुकानात तुम्ही असे लावले होतेत." मग तिने मधल्या दोन नमुन्यांची अदलाबदल केली, आणि थोडं पुढे आणखी दोघांची. "असे पाहिजे होते."

दातवाल्यांनी वाकून पाहिलं. मग उकिडवं बसून पाहिलं. "काहीतरीच काय? हे दोन्ही सारखेच तर आहेत," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्याच कानांनी ऐकलं.

मग त्यांना अंगात आल्यासारखा राग आला. "आकडे बघून सांगतेयस! आकडे बघून कोणीही सांगेल!"

"आकडे मी नंतर बघितले. तुम्ही ठेवलेत तेव्हाच दिसलं होतं."

"तुला? तुला कधीपासून रंग कळायला लागले?"

"इतकी वर्षं एकेक कवळी माझ्या हातातून जातेय. ओट्यावर ऊन असतं. दिसणार नाही?"

दातवाल्यांच्या डोक्यात आता दुसरंच काहीतरी शिरलं. "म्हणजे आईचे सुळे..."

"घासतानाच दिसले."

"आणि मुकाट्याने हातात ठेवलेस? स्वतःच्या आईच्या तोंडात जाऊ दिलेस? बोलली का नाहीस?"

"आधीच्या कवळीला बोलले होते. 'रंगाचं मला कळतं, तू घासत बस', म्हणालात. मग घासत बसले." तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यात जराही मऊपणा नव्हता. "त्या परत आलेल्या सगळ्या मी बघितल्यात. दिव्याआधीची एक होती त्यात. खिडकीत चांगला उजेड होता तेव्हाची."

दातवाल्यांना ती कवळी आठवत होती. डॉक्टरीणबाईंनी ती न बोलता परत पाठवून दुसरीकडून करून घेतली होती, आणि त्यांनीही न बोलता ती विसरून टाकली होती.

"मग दुकानात खोटं का बोललीस?"

"तो हसायला टपला होता. माझ्या नवऱ्याला हसायचा हक्क त्याला नाही. तो हक्क माझा आहे."

"म्हणजे तूही तेच केलंस! आतला माल एक आणि वर छापलेलं दुसरंच. माझ्यावर खोटा आकडा छापलास तू!"

"हो, छापला," ती म्हणाली. "पुसायचा की नाही ते तुम्ही ठरवा."

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या. उद्या सकाळी आईंना आणताय ना, दात कसे झालेत, असं विचारत होत्या. नेहमीसारख्या मृदू. दातवाल्यांच्या जिभेवर सगळं तयार होतं. रस्ताभर तेच तर घोळवलं होतं. त्यांनी उंबऱ्यावरच्या त्या मधल्या नमुन्यांकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि तरीही त्यांना त्यांत फरक दिसला नाही.

"बाई, चुकलेत दात," ते म्हणाले. "दिवा फसवा होता, ते खरंच आहे. पण चांगल्या उजेडातही मला दोन जागी छटा ओळखता आल्या नाहीत. डोळे दाखवून घेतो. पण तोवर मी बसवलेल्या रंगावर विसंबू नका."

"मग रंग कोण बघणार?" बाईंनी विचारलं. "का काम तिकडेच पाठवू?"

"नको, नको. ही बघेल. हिला कळतं. माझ्यापेक्षा..."

"मला विचारलंत?" बायको म्हणाली. बाईंना फोनमधून ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली.

दातवाल्यांनी फोनवर हात दाबला. साचा ओत, कवळी घास, चहा टाक, असं ते तिला रोज सांगत आले होते. विचारायची वेळ कधी आली नव्हती. शेवटी ते कसेबसे म्हणाले, "बघशील का? रंगाचं."

"बघीन. पण आधी दुकानात जा. आईचे दात मागून आणा. आणि त्याने भर दुकानात मागितलेली माफी भर दुकानातच परत करा. ताई खोटं बोलली, हे मी सांगायला जाणार नाही. मी तुमच्यासाठी बोलले, तेव्हा तुम्हीच सांगायचं. त्याच्या दिव्याचं पाप त्याच्या डोक्यावर. आपलं आपण फेडू."

"तो काय हसेल, माहितेय?"

"माहितेय. हसू दे."

दातवाल्यांनी बाईंना नंतर फोन करतो म्हणून सांगितलं. ते खुर्चीत बसले, उठले, परत बसले. बायकोने उंबऱ्यावरचे नमुने गोळा केले आणि या वेळी ती पट्टी त्यांच्या खिशात ठेवली नाही, स्वतःच्या कामाच्या डब्यात ठेवली. ते पाहून ते उठले आणि चपला घालून बाहेर पडले. दुपार कलली होती. या वेळी दुकानात कोणी नसतं, असं स्वतःला समजावत ते चौकापर्यंत आले.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गृहस्थांनी शब्द पाळला होता. चार घरांची चाळीस माणसं झाली होती, आणि प्रत्येकाच्या हातात काळा चष्मा घातलेला सूर्य होता. स्वयंपाकघरवाल्या बाईने त्यांना सगळ्यांत आधी पाहिलं. "हेच ते! दातवाले, यांनीच पकडलं!" ती ओरडली. लोकांनी वाट करून दिली, कोणी पाठ थोपटली, कोणी म्हणालं की नजर असावी तर अशी. गल्ल्यामागून मेहुण्याने घामेजलेला चेहरा वर केला, सासूबाईंनी वाटीतली कवळी पुढे सरकवली, आणि सगळं दुकान दातवाले आता काय बोलतात ते ऐकायला गप्प झालं.